कृती जुनी, कोंबडी नवी

अमेरिकेच्या दक्षिणेकडचं फ्राइड चिकन मूळचं कुणाचं, यावर तिकडे पुष्कळ भांडणं आहेत. तळण स्कॉटलंडच्या लोकांनी आणलं आणि मसाला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी घातला, ही वाटणी नेहमी ऐकू येते. मला ती फारच सोयीची वाटते. पश्चिम आफ्रिकेत पाम तेलात तळण्याची रीत जुनीच होती. इंग्लंडमध्ये १७३६ साली निघालेल्या ‘डिक्शनेरियम डोमेस्टिकम’ या गृहकोशातही कोंबडीचे तुकडे लिंबाचा रस, मिरी आणि लवंगांत मुरवून, वाइनमध्ये कालवलेल्या पिठात बुडवून तळायला सांगितले आहेत.

आज ओळखू येईल अशी कृती १८२४ साली मेरी रँडॉल्फ यांच्या ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’मध्ये छापली गेली. त्यात वाइन नाही, लवंग नाही. तुकडे कोरड्या पिठात घोळवायचे, मीठ भुरभुरायचं, डुकराच्या भरपूर चरबीत बदामी रंगावर तळायचे आणि दुधालोण्याच्या ग्रेव्हीबरोबर वाढायचे. पुढे ताकात भिजवणं आलं, तिखट आलं. सांगाडा हाच राहिला. पुस्तकावर नाव रँडॉल्फबाईंचं. व्हर्जिनियातल्या अशा घरांत चुलीपाशी उभ्या असत त्या मात्र गुलाम बायका.

त्यांच्या हाती कोंबडीच का आली, याचं एक कारण कायद्यात आहे. व्हर्जिनियात १६९२ साली गुलामांकडची घोडे, गुरं आणि डुकरं काढून घेण्याचा कायदा झाला. कोंबड्या त्यातून सुटल्या. परसात चार कोंबड्या, त्यांची अंडी, कधी एखादी विकून आलेले पैसे, एवढीच मिळकत.

गुलामगिरी संपल्यावर याच कोंबडीनं घरं उभी केली. व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे दोन रेल्वेमार्ग मिळत, आणि गाड्यांना जेवणाचा डबा नसे. कृष्णवर्णीय बायका पहाटे उठून चिकन तळत, परातीसारखी मोठी तबकं डोक्यावर तोलत फलाटावर येत आणि खिडकीतून तंगड्या-छाती विकत. त्या कमाईतून काहींनी स्वतःची घरं घेतली. सायकी विल्यम्स-फॉर्सन यांनी २००६ साली त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच कोंबडीच्या तंगड्यांनी घरं बांधण्यावरून दिलेलं आहे. कृतीच्या मालकीचा वाद घालणाऱ्यांनी आधी हा फलाट पाहावा.

गॉर्डन्सव्हिल ज्या ऑरेंज काउंटीत आहे, तिथल्याच फ्रीटाउन वस्तीत १९१६ साली पाककलेवर लिहिणाऱ्या एडना लुईस जन्मल्या. ती वस्ती मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेली. लुईस यांचे आजोबा त्यांतलेच एक. १९७६ साली ‘द टेस्ट ऑफ कंट्री कुकिंग’ लिहिताना त्यांनी फ्राइड चिकनला ऋतूचा पदार्थ म्हणून जागा दिली. आज हे विचित्र वाटेल. पण कोंबडी पाळायची ती अंड्यांसाठी; वसंतात उबवलेल्या पिल्लांतले जास्तीचे नर उन्हाळ्यात कापायचे. कोवळे आणि लहान असल्यामुळे ते बिडाच्या पसरट कढईत वरून लाल व्हायच्या आत आतून शिजत. म्हातारी कोंबडी रश्शालाच बरी.

हा ऋतू मोडला तो एका चुकीच्या ऑर्डरनं. १९२३ साली डेलावेअरमधल्या सेलिया स्टील यांनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि आली ५००. त्यांनी ती परत न धाडता मांसासाठी वाढवून विकली. नफा इतका झाला की तीन वर्षांत त्यांनी १०,००० कोंबड्यांचं खुराडं बांधलं. १९४८ साली ‘चिकन ऑफ टुमॉरो’ नावाच्या देशव्यापी स्पर्धेची अंतिम फेरी झाली. भरदार छातीची कोंबडी हवी, अशी तिची मागणी. जिंकला तो कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर जातींचा संकर. या कॉर्निशची मुळं आपल्याकडे पोचतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये ही जात तयार झाली ती भारतातून नेलेल्या असील या झुंजीच्या कोंबड्यांपासून, आणि तिथे तिला ‘इंडियन गेम’च म्हणत.

केएफसीवाल्या कर्नल सँडर्सची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. केंटकीतल्या कॉर्बिन गावात त्यांना कढईतल्या तळणाचा अर्धा तास परवडेना, म्हणून १९३९ साली ते प्रेशर कुकरकडे वळले. (घरच्या कुकरमध्ये तेल तापवून हा प्रयोग मुळीच करू नये, तो त्यासाठी बनलेला नाही.)

घरच्या कढईला खरा धक्का दिला तो पक्ष्यानं. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात येणारी कोंबडी ११२ दिवसांत जेमतेम १.१ किलोची होई. आज ती सुमारे ४७ दिवसांत तीन किलोच्या आसपास जाते. तिची छाती रँडॉल्फबाईंच्या कृतीनं तळली तर वरचं पीठ करपतं आणि हाडाजवळ मांस कच्चं राहतं. म्हणून घरी तळणारे छातीचे प्रत्येकी दोन-दोन तुकडे करतात, आच मध्यम ठेवतात, जाड तुकडे आधी सोडतात आणि सुरुवातीची काही मिनिटं कढईवर झाकण घालतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे खाटकाकडून किलो-सव्वा किलोचीच कोंबडी मागून घ्यावी.