अप्रकाशी ताऱ्याची कुळकथा

इंग्लंडातल्या यॉर्कचा जॉन गुडरिक अठरा वर्षांचा होता, त्याला ऐकू येत नव्हतं. ययाती तारकासमूहातला अलगोल हा तारा साधारण २ दिवस २१ तासांनी नेमाने मंदावतो, असं त्याने मे १७८३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं. भोवती फिरणारा एखादा काळोखा गोल आड येत असावा, हा त्याचा एक तर्क.

त्याच महिन्यात, त्याच यॉर्कशरमधल्या थॉर्नहिलचे पाद्री जॉन मिशेल शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशला पत्र लिहीत होते. न्यूटन म्हणतो तसा प्रकाश कणांचा असेल, तर गुरुत्वाकर्षण त्या कणांनाही मागे ओढणारच. मग सूर्याइतक्याच घनतेच्या, पण ५०० पट व्यासाच्या ताऱ्याचा प्रकाश निघून पुन्हा त्याच्याकडेच परतेल. असा तारा हुडकायचा कसा, तेही मिशेलनी सांगून ठेवलं: भोवती फिरणारा दिसता तारा असेल, तर त्याच्या चालीवरून. २०२२ मध्ये ‘गाया बीएच१’ हे कृष्णविवर सापडलं ते अशाच चालीवरून! अर्थात कृष्णविवर म्हणजे मिशेलचा तारा नव्हे. त्या ताऱ्यावरून प्रकाश थोडा वर जाऊन खाली येतो. कृष्णविवराच्या क्षितिजातून तो बाहेरच पडत नाही.

फ्रेंच गणिती लाप्लासने १७९६ मध्ये अशीच कल्पना मांडली आणि १८०८ च्या आवृत्तीतून मुकाट्याने काढून टाकली. तोवर प्रकाश लहरींचा असल्याचे पुरावे पुढे येऊ लागले होते.

अप्रकाशी म्हणवल्या गेलेल्या बाकीच्यांची गंमत अशी, की त्यांचं नाव फारसं टिकत नाही. व्याध आणि प्रश्वा हे तारे आकाशातून सरळ न जाता डुलत जातात, हे जर्मन खगोलज्ञ बेसेलने १८४४ मध्ये दाखवलं आणि दोघांनाही अदृश्य जोडीदार बहाल केले. १८६२ मध्ये अमेरिकेत नवी १८.५ इंची दुर्बीण तपासताना अल्वन ग्रॅहम क्लार्कला व्याधाचा जोडीदार चक्क दिसला. मंद खरा, पण पृष्ठभाग सुमारे २५,००० अंश, म्हणजे व्याधाहून कितीतरी तप्त. अलगोलचा सोबतीही पुढे स्वयंप्रकाशीच निघाला.

‘डार्क स्टार’, म्हणजे अप्रकाशी तारा, हे नाव या शतकात पुन्हा निघालं ते स्पोल्यार, फ्रीझ आणि गोंडोलो या शास्त्रज्ञांमुळे. त्यांच्या गणितानुसार विश्वाच्या बालपणीचे काही तारे अणुसंमीलनावर नव्हे, तर कृष्णद्रव्याचे (‘डार्क मॅटर’चे) कण एकमेकांना नष्ट करताना निघणाऱ्या ऊर्जेवर जगले असतील. ‘डार्क’ आहे ते फक्त इंधन. त्यातला एखादा वाढत वाढत अब्जावधी सूर्यांइतका झळाळू शकतो. जेम्स वेब दुर्बिणीला दिसलेले असे ३ उमेदवार २०२३ मध्ये पुढे केले गेले. ते तारे आहेत की नुसत्या लांबच्या दीर्घिका, यावर वाद चालू आहे.