भीमेच्या माथ्यावरची राई

या अंकात दिंडीचे मुक्काम, विणेकऱ्यांची परंपरा, कोणत्या साली किती माणूस चाललं, हे सगळं इतर मंडळींनी लिहिलंच आहे. माझ्याकडे विषय आला तो रानाचा. काहींना वाटेल, दिंडीच्या इतिहासात रान कुठून आलं? पण आपली दिंडी घोडनदीच्या काठची. घोड उगम पावते आहुप्याच्या डोंगरात, भीमा त्याच रांगेत भीमाशंकराला. दोघी पुढे एक होतात आणि पंढरीत त्याच पाण्याला आपण चंद्रभागा म्हणतो. इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. म्हणजे एकादशीला आपण ज्यात बुडी मारतो, त्यातलं थोडं तरी पाणी आपल्या डोक्यावरच्या राईतून झिरपलेलं असतं. शंभर वर्षं आपण पाण्याच्या उताराने चाललो, वर वळून फारसं पाहिलं नाही.

वरच्या गावांत जवळजवळ प्रत्येक गावाची देवराई होती, काही ठिकाणी अजून आहे. कुठे भैरवनाथाची, कुठे वाघजाईची, कुठे काळकाईची. नियम साधा. राईत कुऱ्हाड चालवायची नाही. पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. कित्येक ठिकाणी पायताण बाहेर काढायचं. फारच नड असली, देवळाचं आढं मोडलं वगैरे, तर देवाला कौल लावायचा. देवाने उजवा दिला तर झाड तोडायचं, नाहीतर गप्प घरी यायचं. आपल्यातले काही सुशिक्षित याला अंधश्रद्धा म्हणतात. म्हणोत. पण या भीतीने जे राखलं ते पुढे कायद्यालाही राखता आलं नाही.

कायद्याची गोष्ट अशी. 1878 साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला, 1927 साली दुसरा. डोंगरावरची मोठमोठी रानं सरकारी झाली आणि त्यात पुष्कळशा देवरायाही गेल्या. देव गावचा, झाडं सरकारची, अशी विचित्र वाटणी झाली. स्वातंत्र्यानंतरही कारखान्यांना लाकूड हवं होतं, कोळसा हवा होता, नवा रस्ता आला की त्याच्यामागून ठेकेदार येत होता. जुन्या माणसांना कोळशाच्या भट्ट्या अजून आठवतात.

1970च्या सुमारास पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि तेव्हा तरुण असलेले माधव गाडगीळ सह्याद्रीत गावोगाव फिरले आणि देवरायांची नोंद करू लागले. त्यांना दिसलं ते असं की आजूबाजूचा डोंगर बोडका, आणि मध्येच दोन-चार एकरांत उंच झाडं, वेली, खाली बारमाही झरा. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या काळकाईच्या राईवर तोडीची पाळी आली होती. गावकऱ्यांनी या अभ्यासकांना साद घातली आणि ती राई वाचली. त्या राईत गारंबीची एक जुनी वेल होती. तिची साल जनावराला साप चावल्यावर औषधाला लागायची, म्हणून लांबलांबची माणसं तिथे यायची. मला या हकिकतीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की गावाला आपल्या राईची किंमत आधीपासून ठाऊक होती. शास्त्रज्ञांनी ती कागदावर आणली, आणि सरकार कागदच वाचतं.

1985 साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं. शेकरू त्यात मुख्य. तो एका झाडावरून दुसऱ्यावर वरच्यावर जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही, म्हणून फांदीला फांदी लागलेलं रान त्याला लागतं. एक मोठं झाड गेलं की त्याची वाट तुटते. दिंडीत टाळकऱ्यांची ओळ मध्येच तुटली की चोपदार जसा ओरडतो, तसं तिथे ओरडायला कोणी नाही. अभयारण्याने झाडं राखली हे खरं, पण हिरडा वेचून पोट भरणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांना आपल्याच रानात चोरासारखं वाटू लागलं, हेही तितकंच खरं. ही तक्रार वरून येणाऱ्या वारकऱ्यांच्या तोंडून मी स्वतः ऐकली आहे.

आता आपल्या दिंडीचं. दोन वर्षांपूर्वी वरच्या एका गावची मंडळी वर्गणीसाठी आली. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं आपलीच आहेत, आषाढीला आपल्याबरोबरच चालतात. राईतल्या देवाला स्लॅबचं देऊळ आणि पुढे मंडप बांधायचा होता. ‘पावसात आरतीला उभं राहता येत नाही,’ असं त्यांचं म्हणणं, आणि तिकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे तो याला खोटं म्हणणार नाही. अंदाजपत्रक पाहिलं तेव्हा कळलं की मंडपासाठी आठ झाडं काढायची आहेत. त्यात एक हिरडा दोघांच्या कवेत न मावणारा. बैठकीत मोठा वाद झाला. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, हा एक पक्ष. मीही आधी त्याच पक्षात होतो, हे कबूल करतो. तुकोबांचे भंडाऱ्यावरचे दिवस आपण कीर्तनात रंगवून सांगतो आणि राईत सिमेंट ओतायला पैसे देतो, असं एका तरुण टाळकऱ्याने तोंडावर सुनावलं. राग आला. रात्री झोप लागली नाही.

2014च्या 30 जुलैला माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. आषाढी होऊन तीनच आठवडे झाले होते. दीडशे माणसं गेली. त्याची कारणं अनेक सांगितली गेली, मी त्यात पडत नाही. पण वरचा डोंगर आणि खालचा माणूस यांचा संबंध काय, हे त्या दिवसापासून आमच्या पोरांना शाळेत शिकवावं लागत नाही.

शेवटी वर्गणी दिली, पण अट घातली. मंडप राईबाहेर, शाळेमागच्या मोकळ्या जागेवर. गावाने आधी मानलं नाही. मग तिथल्या म्हाताऱ्या भगताने कौल लावला, आणि काय लागला ते तो आणि देव जाणे, मंडप शाळेमागेच झाला. आता पावसात आरती तिथे होते आणि एरवी पोरं तिथेच बसतात. महिन्यातून एकदा भगतबाबा पोरांना राईत नेतो. चपला बाहेर, हातात वही. हा पिसा, ही अंजनी, हा गेळा, ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, असं सांगत जातो. गेल्या कार्तिकीला आमची खालची वीस पोरंही गेली होती. माझ्या नातवाने सोळा नावं लिहून आणली. सतराव्या झाडाचं नाव भगतबाबालाही आठवलं नाही. पुढच्या खेपेला विचारून ठेवतो, म्हणाला.