उत्तर ध्रुवाखालच्या चिखलाची साक्ष

आपल्याकडे दुधाचा धंदा करणाऱ्यांना अझोला माहीत आहे. गोठ्याशेजारी खड्डा करायचा, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा, वीतभर पाणी, थोडी माती आणि शेण घालायचे आणि वर मूठभर अझोला सोडायचा. थोड्याच दिवसांत पाण्यावर हिरवी साय धरते. गाई-म्हशींना, कोंबड्यांना तो खाऊ घालतात. भातखाचरात सोडला तर नत्राचा फायदा होतो. अझोला हे पाण्यावर तरंगणारे नेचे आहे आणि ते गोड्या पाण्याचे आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते जगत नाही.

हेच नेचे २००४ साली उत्तर ध्रुवापासून सुमारे २५० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली सापडले. गाळाच्या थरामागून थरात त्याची बीजे खच्चून भरलेली होती. वय सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षे.

ही हकिकत सांगायला घेतली त्याला कारण आहे. मोबाइलवर एक मजकूर सारखा फिरतो. हवामान काय, नेहमीच बदलत आले आहे. एके काळी उत्तर ध्रुवावर बर्फच नव्हता. मग आताच एवढी ओरड कशाला? यातली पहिली दोन वाक्ये खरी आहेत. ती खरी आहेत हे आपल्याला कळले ते याच चिखलामुळे. पण ज्या साक्षीदाराच्या जोरावर हा दावा होतो, त्याची साक्ष दोन वाक्यांनंतर बंद केली जाते. ती पूर्ण ऐकली तर वेगळेच निघते.

गाळातून इतिहास वाचण्याची कल्पना मुळात आजची नाही. अबू रैहान अल-बिरूनी याने १०२५च्या सुमारास लिहिलेल्या ‘तहदीद’मध्ये म्हटले आहे की अरबस्तानच्या वाळवंटात एके काळी समुद्र होता. त्याचा पुरावा काय? तिथे विहिरी खणताना मातीचे आणि वाळूचे थर लागतात, दगड फोडले तर आत शिंपले निघतात. पुढे हिंदुस्थानवरच्या ग्रंथात त्याने उत्तरेच्या मैदानाबद्दल असाच तर्क केला. डोंगराजवळ नदीतले गोटे मोठे, पुढे गेल्यावर लहान, मुखाशी निव्वळ रेती. म्हणजे ही जमीन नद्यांनी गाळ आणून भरून काढलेला समुद्र असावा. पृथ्वीचे वय कोट्यवधी वर्षे म्हटले की आपल्यातले काही जण आजही अस्वस्थ होतात. बिरूनी काही झाला नाही. त्याने शिंपला हातात घेतला आणि तो तिथे कसा आला एवढेच विचारले.

उत्तर ध्रुवाच्या समुद्रात हा प्रश्न विचारणे फार काळ शक्यच नव्हते. हा महासागर खोल आहे हेच मुळी नान्सेनच्या ‘फ्राम’ जहाजाने १८९३ ते १८९६ या प्रवासात दाखवून दिले. नंतर तरंगत्या बर्फावर तळ ठोकून लोकांनी तळाच्या गाळाचे नमुने काढले, पण ते वरवरचे, काही मीटर लांबीचे. खोल भोक पाडायचे तर जहाज एकाच जागी दिवसच्या दिवस उभे राहायला हवे. वरचा बर्फ मात्र सतत सरकत असतो.

२००४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे तीन जहाजांनी मिळून केले. ‘सोव्हेत्स्की सोयूझ’ हे रशियाचे अणुशक्तीवर चालणारे बर्फफोडी जहाज वाहत येणाऱ्या बर्फाच्या वाटेत पुढे उभे राहून मोठमोठे तुकडे फोडी. त्याच्या मागे स्वीडनचे ‘ओडेन’ त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करी. सर्वांत मागे ‘व्हिडार व्हायकिंग’ भोक पाडत असे. नळ्या सुमारे १२०० मीटर पाण्यातून खाली सोडलेल्या; बर्फाचा लोंढा आवरेनासा झाला की काम थांबवावे लागे. जागा होती लोमोनोसोव्ह कटक, म्हणजे समुद्राखालून ध्रुवाजवळून जाणारी लांबच लांब डोंगररांग. तिच्या माथ्यावर नद्यांचा लोंढा किंवा उतारावरून घसरणारा चिखल पोहोचत नाही. वरून पाण्यातून जे हळूहळू खाली बसते तेवढेच साठते, त्यामुळे थर क्रमाने लागतात. तळाखाली ४२८ मीटरपर्यंत भोक गेले. सगळा गाळ काही हाती आला नाही. सुमारे ३४० मीटर लांबीचे गाळाचे दंडगोल मिळाले. त्यांना कोअर म्हणतात. स्टॉकहोमचे यान बाकमन आणि अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठाच्या केट मोरन हे दोघे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते.

आता अडचण बघा. इतर महासागरांत गाळाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांचे चुनखडीचे कवच. पाण्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. हलक्याची वाफ आधी होते, ती बर्फ होऊन जमिनीवर अडकून पडते आणि समुद्रात जडाचे प्रमाण वाढते. कवचात ते प्रमाण नोंदले जाते, म्हणून कवच तपासून जगात बर्फ किती होता याचा अंदाज येतो. पण ध्रुवाजवळच्या या गाळात चुनखडी जवळपास नव्हतीच. मुख्य साक्षीदारच गैरहजर.

मग बाकीच्यांना बोलावणे भाग होते. आपल्या परंपरेत हदीस तपासताना रावी कोण, तो कुठे होता, त्याला हे कळणे शक्य होते का, दुसरा कोणी तेच सांगतो का, हे बघतात. त्या शास्त्राला जरह-व-तादील म्हणतात. या चिखलाबाबत शास्त्रज्ञांनी केले ते याहून फार वेगळे नाही, असे मला वाटते.

पहिला साक्षीदार होता समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांची चरबी. पाणी गरम की थंड यावर तिच्या रेणूंची ठेवण बदलते. तिच्यावरून काढलेला हिशेब असा की सुमारे ५ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी इथल्या पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान १८ अंशांवरून २३ अंशांवर गेले होते. ध्रुवाजवळ २३ अंश! एकट्या चरबीवर कोणी विश्वास ठेवला नसता. पण त्याच थरात उष्ण पाण्यातच वाढणाऱ्या एका शेवाळासारख्या जीवाची कवचे सापडली. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही आणि दोघे एकच सांगतात.

अझोलाचीही उलटतपासणी झाली. तो कुठल्या तरी नदीच्या तळ्यातून वाहत आला नसेल कशावरून? उत्तर बीजांतच होते. मादी-बीजाला नर-बीजांचे पुंजके चिकटलेले सापडले. दूरवरून वाहून येताना ते चिकटून राहणे अवघड. म्हणजे तो तिथेच वाढला आणि तिथेच फळला. चारी बाजूंनी जवळपास बंद झालेल्या त्या समुद्रात पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी वर तरंगत असे आणि त्यावर सुमारे ८ लाख वर्षे अझोला अधूनमधून पसरत राहिला. त्याने हवेतला कार्बन शोषून सगळी पृथ्वी थंड केली अशी गोष्ट इंटरनेटवर फार चवीने सांगतात. शक्यता आहे, सिद्ध झालेले नाही.

मग खडा. खोल समुद्राच्या मऊ चिखलात खडा आला कुठून? लाटा तिथवर खडे नेत नाहीत. किनाऱ्यावर बर्फात गोठलेला खडा बर्फाबरोबर वाहत येतो आणि बर्फ वितळला की सुटून तळाशी पडतो. १९८८ मध्ये हार्टमुट हाइनरिख यांनी अटलांटिकच्या गाळात अशाच खड्यावाळूचे थर दाखवले. गेल्या हिमयुगात हिमनगांचे तांडेच्या तांडे कसे सुटत होते, ते त्यावरून कळले. ध्रुवाजवळच्या कोअरमध्ये पहिले असे खडे सुमारे ४ कोटी ५० लाख वर्षांच्या थरात लागले. उत्तरेतला बर्फ फार तर काही लाख ते काही दशलक्ष वर्षांचा, ही जुनी समजूत तिथे कोसळली. पुढे त्याच काळातल्या थरांत समुद्री बर्फावर राहणाऱ्या डायटम या सूक्ष्म वनस्पतींची कवचेही सापडली, तेव्हा खड्याला दुजोरा मिळाला.

आणि नेमके इथे पुस्तकाची पाने फाटलेली आहेत. ४ कोटी ४० लाख वर्षांच्या थरावर थेट सुमारे १ कोटी ८० लाख वर्षांचा थर बसलेला. मधली २ कोटी ६० लाख वर्षे गायब. उबदार, अझोलाने हिरवा झालेला समुद्र बर्फाळ कसा झाला, हे ज्या पानांवर असायचे तीच नेमकी नाहीत. तिथला गाळ धुपून गेला की बसलाच नाही, यावर एकमत नाही. २०११ मध्ये दोन संशोधकांनी ऑस्मियम या धातूवरून वेगळी वये काढली. त्यांच्या मते ही पोकळी एवढी मोठी नाहीच. वयाचा हा घोळ आर्क्टिकला जुनाच आहे. आधी बरीच वर्षे वाद होता तो हजार वर्षांत इथे मिलिमीटरभर गाळ बसतो की सेंटिमीटरभर. दहापट फरक, म्हणजे सगळा इतिहासच दहापट ताणला किंवा आवळला जातो! या कोअरने कौल सेंटिमीटरच्या बाजूने दिला. राहिलेली पाने मिळवण्यासाठी त्याच कटकावर पुन्हा जाण्याची मोहीम आखली गेली.

वरच्या, म्हणजे अलीकडच्या थरांत दोन साक्षी एकमेकींशी भिडतात. लोहाच्या कणांवरून ते कुठल्या किनाऱ्याचे आहेत हे ओळखता येते. काही कण इतक्या लांबचे निघाले की बर्फावर बसून इथवर यायला त्यांना वर्षाहून जास्त काळ लागला असणार. म्हणजे तो बर्फ उन्हाळ्यातही टिकत होता. यावरून निष्कर्ष निघाला की बारमाही बर्फ सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपासून आहे. २०१६ मध्ये जर्मनीच्या रुडिगर श्टाइन आणि सहकाऱ्यांनी त्याच रांगेवरच्या दुसऱ्या कोअरमधली चरबी तपासली. त्यांना आढळले की त्यानंतरही, ६० लाख ते १ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, उन्हाळ्यात पाणी ४ ते ९ अंश होते आणि बर्फ नव्हता. हिवाळ्यात-वसंतात मात्र होता. दोन्ही खरे असू शकते: काही शतके बर्फ टिकला, काही शतके नाही. एक थर हजारो वर्षांची सरासरी सांगतो हे विसरले की भांडण उभे राहते.

आता त्या मोबाइलवरच्या मजकुराकडे. होय, ५ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी ध्रुव उबदार होता. त्या वेळी पृथ्वीचे तापमान एकाएकी ५-६ अंशांनी वाढले, हवेत प्रचंड कार्बन आल्यामुळे. ‘एकाएकी’ म्हणजे भूगर्भशास्त्राच्या भाषेत. प्रत्यक्षात तो कार्बन यायला हजारो वर्षे लागली आणि सगळे पूर्ववत व्हायला लाखाहून जास्त. २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासात त्या वेळचा वेग वर्षाला सुमारे १ अब्ज टन कार्बन निघाला. आज कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण वर्षाला सुमारे १० अब्ज टन सोडतो. ‘पूर्वीही झाले होते’ म्हणणाऱ्याने ज्या उदाहरणाचा आधार घेतला, ते या चिखलातले सर्वांत वेगवान उदाहरण आहे. आणि तेही आपल्यापेक्षा दहापट सावकाश होते. शिवाय तेव्हा वितळायला जमिनीवर मोठा बर्फच नव्हता. आज ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर तो आहे आणि ते पाणी समुद्रात गेले की मुंबईच्या आणि कोकणाच्या खाड्यांतही चढणार आहे.

जहाजे परतल्यावर हे कोअर जर्मनीतल्या ब्रेमेनला नेले. तिथे प्रत्येक कोअर उभा चिरून दोन भाग करतात. एक भाग नमुने काढायला वापरतात. दुसऱ्याला सहसा हात लावत नाहीत. पुढे कोणाला नवी पद्धत सापडली तर त्याच्यासाठी तो ४ अंशांच्या थंड गोदामात ठेवून दिलेला असतो. अझोलाचा थरही तिथेच आहे, अर्धा वाचलेला, अर्धा बंद.