दारावरचा डेमन

आपण ई-मेल पाठवतो तेव्हा पलीकडच्या यंत्रावर एक प्रोग्रॅम २५ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेला असतो. त्याला डेमन म्हणतात. कुणाचं पत्र घ्यायचं आणि कुणाचं नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. आज आपण या सांगण्याचाच इतिहास बघू.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम प्रसिद्ध केले. त्याच सुमारास बर्कलीत एरिक ऑलमन यांचं सेंडमेल घडत होतं. नेटवर्क तेव्हा लहान, मुख्यतः विद्यापीठांचं आणि संशोधनसंस्थांचं. त्यामुळे सेंडमेल कुणाचंही पत्र घ्यायचं आणि पत्ता दुसरीकडचा असेल तर पुढे पोचवायचं. एसटीच्या ड्रायव्हरकडे आपण मुलासाठी डबा द्यायचो ना, तसं!

२ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिस वर्म पसरला. चाचणीपुरती असलेली 'डीबग' सोय अनेक सेंडमेलांत चालूच राहिली होती. वर्म ज्या वाटांनी शिरला त्यांतली ही एक. पुढे नव्वदच्या दशकात जाहिरातवाल्यांनी डबे पोचवण्याचं हे सौजन्यच राबवून घेतलं. पत्रं त्यांची, भार दुसऱ्याच्या यंत्रावर.

अखेर १९९८ मध्ये सेंडमेल ८.९ आलं. परक्याचं पत्र परक्याकडे पोचवणं आता मुळातच बंद. परवानगी द्यायची तर नाव लिहून.

बदलली ती एक सेटिंग. पण आता बघा, पूर्वी नाकारायला कारण लागायचं, आता स्वीकारायला लागतं. विश्वास संपला असं नाही. तो यादीत नोंदवावा लागतो, आणि यादी करणाऱ्याला त्याची जबाबदारी घ्यावी लागते.