राष्ट्रपतींच्या नावाने निवेदन देतो खरं, पण त्यांच्या हातात असतं काय? आणि त्यांना निवडतं कोण?

मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, की शेवटी डीसी ऑफिसात निवेदन द्यायचं. वर लिहिलेलं असतं, 'माननीय राष्ट्रपती, नवी दिल्ली, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत'. सीमाभागात हे दृश्य नवं नाही. पण ज्यांच्या नावाने आपण लिहितो त्या राष्ट्रपतींना घटनेनं काय दिलंय, हे कागदावर सही करणाऱ्या दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

आधी निवडणूक. राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही. लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, राज्यांच्या विधानसभांचे आमदार, शिवाय दिल्ली व पुद्दुचेरीचे आमदार मतदान करतात. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही. राज्यसभेच्या १२ नियुक्त सदस्यांनाही नाही.

खरी गंमत मताच्या किमतीत आहे. राज्याची १९७१ची लोकसंख्या घ्यायची, आमदारांच्या संख्येनं भागायची, आलेल्या आकड्याला पुन्हा हजारानं भागायचं. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत येतं १७५, कर्नाटकचं १३१, तेलंगणाचं १३२, मध्य प्रदेशचं १३१, गुजरातचं १४७ आणि गोव्याचं २०. म्हणजे चंदगडच्या आमदाराचं मत १७५ आणि हद्द ओलांडून बेळगाव ग्रामीणमध्ये आलं की १३१. यात कुणी कुणाला कमी लेखलेलं नाही. १९७१ साली महाराष्ट्रात एका आमदारामागे माणसं जास्त होती, एवढंच. बेळगाव जिल्ह्याचे १८ आमदार धरले तर २,३५८ होतात. अख्ख्या गोव्याचे ४० आमदार मिळून ८००! लोकसंख्या वाढू दिली नाही म्हणून कुठल्या राज्याचं वजन घटू नये, यासाठी १९७१चा आकडा गोठवून ठेवलेला आहे.

सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून ती निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागली की खासदाराच्या मताची किंमत निघते. २०२२ साली ती ७०० होती. मतदान गुप्त असतं, पक्षाचा व्हिप चालत नाही. मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक लिहायचे असतात. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त किंमत मिळाली की उमेदवार विजयी. नाही मिळाली तर शेवटच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी असे दुसऱ्या पसंतीवर निवडून आले. २०२२ साली ती वेळ आली नाही. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७. त्यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते.

आता अधिकार. कागदावर यादी लांबलचक आहे: पंतप्रधानांची नेमणूक, अध्यादेश, शिक्षामाफी, तिन्ही सेनादलांचं सर्वोच्च पद. पण हे जवळपास सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच. १९७६च्या ४२व्या दुरुस्तीनं सल्ला बंधनकारक केला. ४४व्या दुरुस्तीनं 'एकदा फेरविचाराला परत पाठवा' इतकी सवलत दिली. संसदेनं मंजूर केलेलं विधेयकही परत पाठवता येतं (अर्थविधेयक सोडून), पण संसदेनं ते पुन्हा मंजूर केलं की सही करावी लागते. डॉ. कलामांनी २००६ साली लाभाच्या पदाचं विधेयक परत धाडलं, ते तसंच पुन्हा आलं आणि त्यांनी सही केली. झैलसिंगांनी मात्र टपाल विधेयकावर ना सही केली, ना ते परत पाठवलं. नुसतं ठेवून दिलं.

आपल्या कामाच्या गोष्टी यानंतरच्या आहेत.

राज्याची हद्द बदलायचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडताच येत नाही, हे अनुच्छेद ३ सांगतो. शिफारशीआधी ते संबंधित विधानसभेकडे मत मागायला जातं. पण ते मत बंधनकारक नाही. हैदराबादकडच्या वाचकांना आठवत असेल, आंध्रच्या विधानसभेनं नकार दिला तरी २०१४ साली तेलंगणा झालाच. मात्र ही शिफारसही केंद्र सरकारच्या सल्ल्यानं होते. राष्ट्रपती स्वतःहून बेळगावचं काही ठरवू शकत नाहीत. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात घातलेला दावा तर वेगळाच. त्यात निकाल देणं राष्ट्रपतींच्या हातात नाही.

भाषेचं तसं नाही. तिथे घटना राष्ट्रपतींचं थेट नाव घेते. राज्यातल्या बऱ्याच मोठ्या लोकसंख्येची मागणी असल्याची खात्री पटली, तर त्या राज्यात किंवा त्याच्या एखाद्या भागात, ठरावीक कामांसाठी त्या भाषेला अधिकृत मान्यता द्या, असा आदेश राष्ट्रपती देऊ शकतात. हा अनुच्छेद ३४७. मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याला निर्देश देण्याचा अधिकार ३५०-क मध्ये आहे. आणि ३५०-ख प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा विशेष अधिकारी राष्ट्रपती नेमतात. त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो, तिथून संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवला जातो. शेवटची दोन कलमं १९५६च्या राज्य पुनर्रचनेबरोबरच आली, म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच.

इथेही सल्ला मंत्रिमंडळाचाच, हे खरं. पण 'आमच्यावर अन्याय होतोय, लक्ष घालावे' एवढंच लिहिलेला कागद या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो. शाळेचं नाव, पटसंख्या, कन्नडमध्येच मिळालेल्या नोटिशीची झेरॉक्स आणि ३५०-क की ३४७ हे स्पष्ट लिहिलेलं असेल, तर त्याला निदान नेमकं उत्तर मागता येतं. एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना जोडावी, आणि डीसी ऑफिसातून पोच घेतल्याशिवाय हलू नये.