तरंगमबाडीची थडगी आणि मराठी मुद्रणाचा इतिहास

मराठी मुद्रणाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा श्रीरामपूरपासून आरंभ करतो. विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 साली तेथे छापले गेले. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, हे मात्र ओझरते सांगून पुढे जातो. डेन्मार्कची दुसरी वसाहत म्हणजे तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी, युरोपीयांचे त्रांकेबार. मराठीच्या कथेत तिलाही स्थान आहे, आणि समुद्र तिच्या दाराशी आला आहे.

1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने ही जागा डॅनिश लोकांना दिली. 1706 साली येथे उतरलेल्या झिगेनबाल्ग या जर्मन धर्मोपदेशकाने पुढल्या वर्षी बांधलेले जेरुसलेम चर्च समुद्राने नेले. 1718 साली नवे चर्च उभे राहिले. 1719 साली झिगेनबाल्गला तेथेच पुरले. आवारात इतरही जुनी थडगी आहेत. किनाऱ्यावरील मासिलामणिनाथ मंदिर 1306 सालचे. त्याचाही पुढला भाग लाटांनी गिळला. 2004 च्या त्सुनामीने गावावर मोठा आघात केला. पण रोजची झीज अधिक चिवट आहे. कावेरीवरील धरणांमुळे किनाऱ्याला मिळणारा गाळ घटला आहे. दगडी बांध लाट थोपवतो, गेलेली वाळू परत आणत नाही.

याच गावी 1750 साली श्वार्ट्झ हा धर्मोपदेशक आला. पुढे तो तंजावरला स्थिरावला. तुळजाराजांनी 1787 साली दत्तक घेतलेल्या सरफोजींचा तो पालक आणि गुरू झाला. 1798 साली श्वार्ट्झ वारला. सरफोजींनी इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. त्याच राजाने तंजावरात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या कथांचे मराठी रूप असलेली ‘बालबोध मुक्तावली’ तेथूनच बाहेर पडली. गुरूमुळेच छापखाना आला, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. परंतु सरफोजींच्या ज्ञानलालसेचा एक झरा तरंगमबाडीपर्यंत जातो, हे निर्विवाद.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याला हे सारे दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. पण शिलालेख वाचायला शिकलेल्या आपणांस थडग्यावरचा लेख हाही साधनग्रंथच वाटायला हवा. कागदी ग्रंथाची दुसरी प्रत एखाद्या संग्रहात सापडू शकते; थडग्यावरील लेखाची प्रत एकच असते. समुद्र थोपवणे आपल्या हाती नाही. त्या दगडांचे ठसे, छायाचित्रे आणि वाचने वेळीच करून ठेवणे मात्र अभ्यासकांच्या हाती आहे, आणि ते काम केवळ तमिळ अभ्यासकांवर सोडून चालणार नाही.