काळीज, यकृत आणि रक्तशर्करा

मावळातील उर्से येथील भातकरी रात्री जेवून निजतो व पहाटे उपाशीपोटी शेतावर जातो. मधल्या काळात त्याची रक्तशर्करा फारशी ढळत नाही, याचे श्रेय यकृताकडे जाते. परंतु बोलीत ‘यकृत’ क्वचितच आढळते. तेथे ‘काळीज’ आहे, आणि काळीज म्हणजे हृदय.

वस्तुतः संस्कृत ‘कालेय’ हा शब्द यकृताचाच वाचक होय. ‘काळीज’ त्याच कुळातले. पण मराठीत ते माया व धैर्य यांचे स्थान झाले आणि मूळ अर्थ खाटकाकडील ‘कलेजी’त तेवढा उरला. फारशी ‘जिगर’ हे ‘यकृत्’चे सगोत्र, तेही मराठीत येऊन धाडस होऊन बसले! सुश्रुताने रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत व प्लीहा यांत मानले. मधुमेहाचा विचार मात्र प्रमेहांत केला.

यकृत स्वतः साखर निर्माण करते, हे क्लोद बेर्नार याने १८४८ मध्ये दाखविले व १८५७ मध्ये ग्लायकोजेन वेगळे केले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यास मधुमेह होतो, हे मेरिंग व मिंकोव्हस्की यांना १८८९ मध्ये आढळले. त्या ग्रंथीतील पेशींचे पुंजके लांगरहान्स याने १८६९ मध्येच वर्णिले होते. पुढे त्यांना ‘बेटे’ म्हणू लागले. लॅटिन ‘इन्सुला’ म्हणजे बेट. त्यावरून १९०९ मध्ये ‘इन्शुलीन’ ही संज्ञा सुचविली गेली. द्रव्य टोरांटोत हाती आले ते १९२१ मध्ये. वस्तूआधी नाव, असा हा विरळा प्रकार.

जेवणानंतर इन्शुलीन प्रथम यकृतात पोहोचते. सुमारे निम्मे तेथेच खर्ची पडते. यकृत साखर साठविते व स्वतःची निर्मिती आवरते. रात्री इन्शुलीन ओसरते, ग्लुकागॉनचा अंमल वाढतो आणि साठा रक्तात उतरू लागतो. शिवाय नवी साखरही घडते. मधुमेहात हा लगाम सैल पडतो.

म्हणूनच रोगी विचारतो, “रात्री गोड खाल्ले नाही, मग सकाळी साखर वाढली कशी?” ‘साखर’ हे रोगाचेही नाव आणि डब्यातल्या जिनसाचेही, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्तच आहे. “यकृतामुळे” हे उत्तर त्याला परके, “काळजामुळे” म्हणावे तर तो हृदयाची धास्ती घेईल. ‘लिव्हर’ खेड्यांत रुळले आहे खरे, पण ते दारूच्या संदर्भात. निर्व्यसनी माळकऱ्यास तो आळच वाटावा. आरोग्यपत्रके लिहिणाऱ्यांनी तरीही ‘लिव्हर’च योजावे, मात्र प्रथमोल्लेखीच ‘उजव्या बरगड्यांखालचे, साखरेचे कोठार’ असे सांगून.